कोणत्या भागात उतरणार?

रविवार, ५ जानेवारी २०२५
बनीपार्क, जयपूर

आज सकाळी सुखरूप पोहोचलो. गाडी उशिरा आली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार निराळी आहे आणि ती कोणापुढे मांडावी हे न समजल्यामुळे येथे लिहीत आहे.

मिरजेहून निघण्यापूर्वी अनिरुद्धास फोन केला होता. यंदाची संक्रांत तुझ्याकडे करीन व महिनाभर राहीन, असे कळविले. मग त्याने विचारले, "आप्पा, कोणत्या भागात उतरायचं म्हणताय?"

माझे शिक्षण चौथी इयत्ता. परंतु सारे आयुष्य मी मिरजेस दवाखान्यांच्या रस्त्यावरील प्रवासी निवासाचा व्यवस्थापक होतो. रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे उतरत. कोणास कोणती खोली द्यावी, कोणास वरचा मजला नको, हे मला उंबरठ्यावर समजत असे. माझा पहिला प्रश्न ठरलेला होता : कोठून आलात, कोठे जाणार? कोणत्या भागात उतरावे, हा प्रश्न ज्याचे त्या गावात कोणी नाही त्यास पडतो. ज्याच्या मुलाचे घर तेथे आहे त्यास तो विचारण्याची रीत नाही.

स्टेशनवर अनिरुद्ध एकटाच आला होता. वाकून नमस्कार केला. वाळलेला दिसला. त्याने सांगितले की, मानसरोवरातील घरास रंग लावणे चालू आहे. रंगाचा वास सोसत नाही म्हणून सूनबाई ऋचा आणि नात अवनी सध्या दुर्गापुऱ्यास राहतात. त्यामुळे माझी सोय येथे बनीपार्कात केली आहे. मी विचारले, तुला वास सोसतो काय? तो म्हणाला, "मला सवय झालीय."

अनिरुद्ध बँकेत अधिकारी आहे. बँकेतील मनुष्यास रंगाच्या वासाची सवय कशी होते, ते समजले नाही.


सोमवार, ६ जानेवारी

जागा स्वच्छ आहे. चादरी ताणून घातलेल्या, नळास गरम पाणी. परंतु येथे परदेशी लोक उतरतात. गादीवर टॉवेलाचा हंस करून ठेवला होता. हंस मोडल्यावाचून अंग पुसता येत नाही. मी हंस तसाच ठेवला आणि माझ्या पंच्याने अंग पुसले.

बॅग उघडून तिळगुळाचा डबा पाहिला. लाडू एकही फुटलेला नाही. ऋचासाठी इचलकरंजीहून काळी साडी आणली आहे. कै. गिरिजा दरवर्षी संक्रांतीस सुनेला काळी साडी पाठवीत असे. ती गेल्यापासून मी पाठवितो. रंगाची व काठाची पारख मला नाही. दुकानदारास मी केवळ "सुनेसाठी" एवढे सांगतो.

संध्याकाळी अनिरुद्ध आला. बनीपार्क आवडत नसेल तर दुसरा भाग पाहू म्हणाला. जुन्या शहरात चांदपोलकडे सर्व जवळ पडते. शांतता हवी असल्यास सी-स्कीम. मी म्हणालो, मानसरोवर. तो म्हणाला, तेथे पाहण्यासारखे काही नाही, नुसत्या कॉलन्या आहेत. मी त्यास सांगितले की, मी राजवाडे पाहावयास आलेलो नाही, नात पाहावयास आलो आहे. त्यावर त्याने खिशातून फोन काढला व बराच वेळ त्यात पाहत राहिला. फोन वाजलेला नव्हता.

मनात आले ते लिहितो. ऋचाच्या माहेरी सारे डॉक्टर. लग्नात त्यांच्यापैकी एकाने माझे शिक्षण विचारले, तेव्हा मी "चौथी" असे मोठ्याने सांगितले होते. अनिरुद्धाने त्या वेळी मान खाली घातली होती. आता मानसरोवरात त्याचे शेजारी सुशिक्षित असणार. त्यांच्यापुढे बापाचे काय करावे, असा त्यास पेच पडला असावा.

तसे असेल तर मी पाहुणा म्हणूनच राहीन, आणि भाग मीच निवडीन.


बुधवार, ८ जानेवारी
जुने शहर, चांदपोल

काल येथे आलो. जुन्या हवेलीत खोल्या काढल्या आहेत. जिना उभा आहे. मी व्यवस्थापक असतो तर साठीपुढच्या मनुष्यास ही खोली दिली नसती. सकाळी गच्चीत वाळत घातलेले माझे धोतर माकडाने पळविले व शेजारच्या गच्चीवर नेऊन पसरले. हवेलीचा मालक म्हणाला की, ते परत आणून देण्याची पद्धत नाही.

अनिरुद्धाने श्री. पंडित यांना माझ्या सोबतीस धाडले. हे मूळचे सांगलीचे. विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि येथेच राहिले. त्यांची मराठी चांगली आहे, परंतु दर वाक्यास "मतलब" लावतात. शहर त्यांनी मला पुढीलप्रमाणे समजावून दिले.

"उत्तमराव साहेब, मतलब असं बघा. जुन्या शहरात मजा आहे, झोप नाही. बनीपार्कात झोप आहे, मजा नाही. मानसरोवरात दोन्ही नाही, पण मेट्रो आहे."

मी विचारले, दुर्गापुऱ्यात काय आहे?

तेथे शेतकी संशोधन केंद्र आहे, असे ते म्हणाले. रेल्वे स्टेशनही आहे.

"माणसे आहेत काय?"

"माणसं... आहेत ना," असे म्हणून त्यांनी घाईने दोन कचोऱ्या मागविल्या.

पुढे बोलता बोलता मी रंगकामाचा उल्लेख केला. "कसलं रंगकाम?" असे त्यांनी विचारले आणि लगेच, "हां हां, रंगकाम," असे स्वतःच उत्तर दिले. मनुष्य विसरभोळा दिसतो.


गुरुवार, ९ जानेवारी

आज कोणास न सांगता मेट्रोने मानसरोवरास गेलो. पत्ता तोंडपाठ होता.

अनिरुद्धाच्या दारास कुलूप होते. रंगाचा वास नाही. भिंतीवर, फरशीवर एक थेंब नाही. बाल्कनीत दोरीवर दोन शर्ट, एक टॉवेल. कोपऱ्यात अवनीची सायकल, तिच्या चाकांत हवा नव्हती. आमच्या निवासात दोरीवर असे कपडे दिसले की प्रवासी एकटा आहे हे मी न विचारता ओळखीत असे.

समोरच्या दारातून माथुर नावाच्या बाई बाहेर आल्या. अनिरुद्धाच्या मोबाईलमध्ये त्यांनी माझा फोटो पाहिला होता, त्यावरून मला ओळखले. म्हणजे मला लपविलेले नाही. आत बसवून चहा दिला. त्या फार जलद हिंदी बोलतात. बरेचसे निसटले, परंतु पुढील वाक्य मी नीट ऐकले : "चलिए अंकल जी, आखिर राजीनामा हो गया. दो साल से बेचारे अनिरुद्ध जी कितने परेशान थे. अब कोर्ट के चक्कर तो खतम हुए."

राजीनामा.

बाईंनी बिस्किटे पुढे केली.

परत येताना मेट्रोत सर्व उलगडले. मुलाने बँकेच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. कोर्टाचा उल्लेख आला, त्याअर्थी बँकेत काही प्रकरण होऊन त्यास त्रास दिला गेला असावा. त्याने काही गैर केले असेल, हे माझ्या मनास पटत नाही. घरात पैशाची ओढाताण झाली असेल, म्हणून ऋचा ज्या महाविद्यालयात शिकविते त्याच्याजवळ दुर्गापुऱ्यास राहत असेल. आणि नोकरी गेलेला मुलगा बापास घरी कोणत्या तोंडाने नेईल? म्हणून ही रंगाची कथा.

तो माझ्या चौथीस लाजत नव्हता. स्वतःस लाजत होता. हे कळल्यावर मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याबद्दल वाईट वाटले.


शुक्रवार, १० जानेवारी

मी ठरविले होते की, आपण होऊन विचारणार नाही. मुलाने सांगावे, बापाने ऐकावे. परंतु संध्याकाळी गच्चीवर चहा घेताना अनिरुद्धाने, रंगाचा दुसरा हात अजून व्हायचा आहे, असे सुरू केले, आणि ते ऐकवेना.

मी म्हणालो, "रंग आता पुरे. राजीनाम्याचे मला कळले आहे."

त्याने कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"माथुर बाईंनी. काल जाऊन आलो."

फोनवर सांगणे जमले नाही म्हणाला. मला धक्का बसेल, असे त्यास वाटले होते.

मी म्हणालो, "धक्का बसला, तो ओसरला. राजीनामा म्हणजे काही मरण नव्हे. जेथे मन राहिले नाही, तेथे माणसाने केवळ नावापुरते राहू नये."

हे वाक्य मी रात्रीच जुळवून ठेवले होते. त्याचा एवढा परिणाम होईल, अशी कल्पना नव्हती. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "आप्पा, तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं."

"ऋचाचे काय म्हणणे?"

"दोघांच्या मर्जीनं झालं. तिला बोल लावू नका."

"तिला बोल का लावीन? तिने समजून घेतले, हेच पुष्कळ."

त्याचे डोळे भरून आले. त्यास धीर यावा म्हणून मी पुढे म्हणालो, "तुझे वय गेलेले नाही. वर्षभरात दुसरी मिळेल. पहिलीपेक्षा चांगली मिळेल. मिरजेत माझ्या ओळखी आहेत, मी शब्द टाकतो."

"आप्पा, दुसरीचा विचारसुद्धा नाहीये माझ्या डोक्यात."

"आज नसेल. परंतु रिकामे राहणे बरे नव्हे. हल्ली तर लोक दोन-दोन वर्षांत बदलतात."

तेव्हा तो हसला. मी आल्यापासून प्रथमच हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "तुम्ही फार बदललात, आप्पा," म्हणाला. यात हसण्यासारखे काय होते ते समजले नाही. जाताना त्याने मला मानसरोवरास राहावयास बोलाविले. संक्रांतीनंतर येतो, असे मी सांगितले. लगेच होकार देणे योग्य दिसत नाही.


सोमवार, १३ जानेवारी

आज ऋचा अवनीस घेऊन आली. नात उंच झाली आहे. दारातूनच तिने विचारले, "आजोबा, बंदरने तुमची धोती पहनली काय?" मी सांगितले की, शब्द धोतर असा आहे, आणि धोतर घालीत नाहीत, नेसतात. ती म्हणाली, "मग बंदरने नेसली?" हिला कोण शिकविणार?

ऋचाने नमस्कार केला, आणि उठताना माझा हात धरून ठेवला. तिने असे पूर्वी कधी केलेले नाही. म्हणाली, "अनिरुद्धनं सांगितलं तुम्ही काय म्हणालात ते. आप्पा, माझ्या वडिलांनी अजून माझा फोन उचललेला नाही."

जावयाच्या नोकरीवरून सासऱ्याने मुलीचा फोन न उचलणे हे अति झाले. बँकेत त्यांनी कोणाकडे शब्द टाकला असेल व तो वाया गेला असेल, असा मी तर्क केला.

नंतर तिने मला दुर्गापुऱ्यास राहावयास बोलाविले. खालची खोली आहे, जिना नाही. मी म्हणालो, अनिरुद्धाने मानसरोवरास बोलाविले आहे. ती म्हणाली, "ते त्याचं बोलावणं. हे माझं."

एका घराची दोन बोलावणी आली आणि एकाचे दुसऱ्यास ठाऊक नाही, असा प्रकार मी पूर्वी पाहिलेला नाही. मी दोन्हींस हो म्हटले नाही व नाही म्हटले नाही.

काळी साडी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने काठावरून हात फिरविला, मग हात मागे घेतला. "आप्पा, ही मी कशी..." एवढेच बोलली आणि अवनीस स्वेटर घाल म्हणाली. अवनीने स्वेटर घातलेलाच होता. साडी पुन्हा बॅगेत ठेवली. काठ कदाचित आवडला नसेल.


मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

आज सविस्तर लिहिणे होणार नाही असे वाटते. तरी लिहितो.

येथे संक्रांतीस सारे शहर गच्चीवर असते. आकाशात पतंगांवाचून जागा नव्हती. ऋचा दुपारी अवनीस माझ्याकडे सोडून गेली. संध्याकाळी तीच न्यावयास येणार होती. मी चक्री धरली होती आणि अवनी पतंग उडवीत होती. पतंगावरची नजर न काढता तिने विचारले, "आजोबा, तुम्ही कुणाच्या साइडला राहणार? मम्मीच्या की पापाच्या?"

मी म्हणालो, घर एकच असते, त्यास साइड नसते.

"नहीं आजोबा. राजीनामा झाला ना. सोमवार ते शुक्रवार मम्मी, मग पापा."

मी तिला समजाविले की, राजीनामा नोकरीचा असतो.

तिला हसू आले. मला एखादी सोपी गोष्ट येत नसावी तसे तिने सांगितले. "नोकरीचा इस्तीफा असतो, आजोबा. राजीनामा मतलब दोनों राजी. मम्मी राजी, पापा राजी. मग साइन केलं. आता ते हसबंड-वाइफ नाहीत."

चक्री माझ्या हातून सुटली. तिने ती पायाने अडविली.

मी विचारले, "आणि तू?"

"मला पण विचारलं होतं. मी बोलली, ठीक आहे." मग काही वेळाने, "शुक्रवारी मम्मी मला पेट्रोल पंपावर आणते, गोपालपुऱ्याच्या. तिथे पापा येतात. मी इकडून उतरते आणि तिकडे चढते. ते दोघं नाही उतरत. तुम्ही मम्मीकडे राहिले, तर पापाच्या दिवशी मी तुम्हाला नाही भेटणार. पापाकडे राहिले तर बाकीचे दिवस नाही. म्हणून मला आधी माहीत पाहिजे."

एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आरोळी उठली. आमचा पतंग कापला गेला होता. अवनीने उरलेला मांजा गुंडाळावयास घेतला.

डब्यातून तिळगूळ काढून तिच्या हातावर ठेवला. त्यासोबत जे म्हणावयाचे असते ते तोंडातून बाहेर पडले नाही.


बुधवार, १५ जानेवारी

दिवसभर खोलीत बसून शुक्रवारचे संभाषण आठवीत आहे. माझे प्रत्येक वाक्य आता निराळे ऐकू येते. जेथे मन राहिले नाही तेथे राहू नये. तिने समजून घेतले हेच पुष्कळ. वर्षभरात दुसरी मिळेल. पहिलीपेक्षा चांगली मिळेल. मिरजेत माझ्या ओळखी आहेत.

शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, असा माझा समज होता.

खरे कळले असते तर मी काय बोललो असतो, हेही लिहून ठेवतो. असले काही आपल्या घरात होत नाही, असे म्हणालो असतो. ऋचास बोल लावला असता. अनिरुद्धास, तुझी आई असती तर, असे सुनाविले असते, आणि पहिल्या गाडीने मिरजेस गेलो असतो. ज्या मोठ्या मनाबद्दल मुलगा रडला व सुनेने माझा हात धरला, ते माझे नव्हतेच. ते एका शब्दाच्या चुकीने माझ्या पदरात पडले. परत करावे म्हटले तर त्या दोघांस आता दुसरे काय देणार? घेतले आहे, तर निभावले पाहिजे.

तरी एका गोष्टीची दुरुस्ती अवश्य होती. संध्याकाळी अनिरुद्ध आला तेव्हा मी म्हणालो, "दुसरीविषयी मी जे बोललो, ते मागे घेतो."

"कोणती दुसरी?"

"कोणतीही."

तो पुन्हा हसला. मग मी विचारले, तू मला आधी का सांगितले नाहीस?

"आई असती तर तिला सांगितलं असतं. तुम्ही नियम सांगता, आप्पा. मला त्या वेळी नियम नको होता."

निवासात नियमांचा फलक मीच रंगवून घेतला होता. त्यातील एकही नियम चुकीचा नव्हता.


शनिवार, १८ जानेवारी

तीन दिवस पंडितांना घेऊन खोली शोधीत हिंडलो. ते पूर्णपणे गोंधळून गेले आहेत.

"उत्तमराव साहेब, मतलब दोन घरं बोलावतायत आणि तुम्ही तिसरं शोधताय?"

मी म्हणालो, होय.

त्यांनी मला कानोत्याचे धरण पाहावयाचे सुचविले. पाणी पाहून मन हलके होते म्हणाले. मी त्यांस गोपालपुऱ्याच्या पेट्रोल पंपावर नेण्यास सांगितले. तेथे उभे राहून दोन्ही बाजू पाहिल्या. एकीकडे रस्ता मानसरोवरास जातो, दुसरीकडे दुर्गापुऱ्यास. मोटारी येतात, पेट्रोल घेतात, जातात. हवेचे यंत्र आहे. बसण्यास बाक नाही. नात येथे दप्तर घेऊन उभी राहते.

"या भागात बघण्यासारखं आहे तरी काय?" पंडित म्हणाले.

"पेट्रोल पंप," मी म्हणालो.

तेथून चालत जाण्याजोग्या अंतरावर त्रिवेणी नगर आहे. तेथे कंचन नावाच्या विधवा बाईंची तळमजल्यावरील खोली मिळाली. पुढे लहान अंगण, तुळस, गॅसची सोय. बाईंनी माझी कसून चौकशी केली, ते मला आवडले. शेवटी त्यांनी विचारले, "बच्चे जयपुर में हैं, तो बच्चों के पास क्यों नहीं रहते?"

माझी हिंदी शुद्ध नाही. मी म्हणालो, "बच्चों के पास ही रहने का है. इसी वास्ते इधर."

त्यांना ते समजले नसावे. परंतु किल्ली दिली.

दोघांनाही फोन करून कळविले. अनिरुद्ध म्हणाला, "माझ्याकडे राहायला काय अडचण आहे, आप्पा?" ऋचा म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का?" दोघांचेही मन दुखावले. मी नियम सांगितला नाही. इतकेच सांगितले की, येत्या शुक्रवारी अवनीस पेट्रोल पंपावर आणू नये.


शुक्रवार, २४ जानेवारी
त्रिवेणी नगर

सकाळी खोली झाडून घेतली. कंचनबाईंकडून दोन खुर्च्या मागून आणल्या. कपांची व्यवस्था केली. प्रवासी येण्यापूर्वी मला पूर्वी जी धडधड कधी झाली नाही, ती आज झाली.

संध्याकाळी ऋचाची मोटार फाटकाशी थांबली. अवनी दप्तर घेऊन उतरली व आत आली. ऋचा गाडीतच बसून होती. मी अंगणात गेलो. "चहा टाकला आहे," एवढेच म्हणालो. ती म्हणाली, उशीर होईल. मी तेथेच उभा राहिलो. शेवटी तिने गाडी बंद केली.

अनिरुद्ध ठरल्या वेळेच्या आधी आला. ऋचाची मोटार पाहून तोही रस्त्यावरच थांबला असावा, कारण फटफटीचा आवाज येऊन बंद झाला, तरी तो आत येईना. अवनी बाहेर धावली आणि त्याचा हात ओढीत म्हणाली, "पापा, उतरा ना. इथे उतरायचं असतं."

तो उतरला.

खुर्च्या दोन, म्हणून मी व अवनी पलंगावर बसलो. ती दोघे पुष्कळ बोलली नाहीत. अवनीची वही, शाळेची फी, खोकल्याचे औषध. ऋचाने अनिरुद्धाच्या कपात साखर घातली नाही. त्याला साखर लागत नाही, हे तिला माहीत आहे. मी हे पाहिले आणि माझा गोंधळ पुन्हा वाढला. इतक्या सभ्यपणे चहा पिणारी दोन माणसे एका घरात का राहू शकली नाहीत, हे मला समजलेले नाही. समजेल असेही वाटत नाही. तरी मी विचारले नाही.

निघताना ऋचाने स्वतःच विचारले, "आप्पा, ती साडी परत नेणार?"

रथसप्तमीपर्यंत संक्रांतीचे वाण देता येते, एवढे मला माहीत आहे. पुढचा नियम गिरिजास ठाऊक असता. मी साडी काढून दिली. ऋचा म्हणाली, "कोण म्हणून घेऊ?"

"अवनीची आई म्हणून घे."

तिने घेतली. पिशवीत न ठेवता हातातच नेली. अनिरुद्धाने अवनीचे दप्तर उचलले. जाण्यापूर्वी अवनीने खोलीभर नजर फिरविली आणि विचारले, "मग आजोबा, ही कुणाची साइड?"

"ही मधली खोली," मी म्हणालो. "येथे सोमवारही चालतो आणि रविवारही."

सर्व गेल्यावर कप विसळीत होतो. कंचनबाई खुर्च्या नेण्यास आल्या. त्या माझ्याप्रमाणेच चौकस आहेत. त्यांनी विचारले, "कहाँ से आये थे ये सब?"

हा माझा प्रश्न होता. आयुष्यभर मी तो प्रत्येकास विचारला आणि उत्तर मिळाल्यावाचून कोणास किल्ली दिली नाही.

मी म्हणालो, "घर से."

"किसके घर से?"

"आप चाय लेंगी?" मी विचारले, आणि विसळलेला कप पुन्हा पुसून ठेवला.